छपरावरची मगर खरी, रस्त्यावरचा शार्क खोटा

राजाराम बंधाऱ्याचे पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले की आम्हा उचगावकरांच्या मोबाईलवर दोन गोष्टी सुरू होतात: पाण्याचे आकडे आणि प्राण्यांचे फोटो. आकडे कामाचे. फोटोंची मात्र चौकशी करावी लागते.

त्यातला जुना पाहुणा म्हणजे पाणी भरलेल्या रस्त्यावर मोटारीशेजारी पोहणारा शार्क. २०११ च्या आयरीन वादळात तो प्वेर्तो रिकोचा होता, २०१७ च्या हार्वी वादळात ह्यूस्टनचा झाला. मुळात तो दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रातला. छायाचित्रकार थॉमस पेशाक यांनी एका छोट्या नावेमागे पोहताना टिपलेला, २००५ साली मासिकात छापून आलेला. कुणीतरी तो कापून रस्त्यावर चिकटवला.

त्सुनामीच्या माशांची गोष्ट वेगळी. डिसेंबर २००४ नंतर विचित्र, दातेरी माशांचे फोटो ‘लाटेने किनाऱ्यावर फेकलेले’ म्हणून जगभर फिरले. मासे अस्सल, फोटोही अस्सल. पण ते ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञांनी २००३ मधल्या संशोधन सफरीत काढलेले, म्हणजे त्सुनामीच्या दीड वर्ष आधीचे! खोटी होती ती खालची ओळ. अशी लबाडी पकडणे जास्त अवघड, कारण फोटोत काही खोट सापडतच नाही.

आता आपल्याकडचे. ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवा. पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, महामार्ग बंद पडला, १२ तारखेची बकरी ईद कित्येक कुटुंबांनी घराबाहेर काढली. त्याच दिवसांत घराच्या छपरावर बसलेल्या मगरीचा व्हिडिओ आला. तो खरा होता, पण बेळगाव जिल्ह्याच्या रायबाग तालुक्यातला. असा व्हिडिओ ‘आपल्या शेजारच्या गल्लीतला’ म्हणून पुढे गेला, तर गाळ काढायला घरी परतणाऱ्या आयाबहिणींनी काय करावे? भीतीपोटी मग बिचाऱ्या बिनविषारी धामणी आणि पाणदिवडही काठीखाली मरतात.

उलट बाजूही आहे. ‘सगळे फोटो खोटेच’ म्हणून हसण्यावारी नेणेही धोक्याचे. भिलवडी, औदुंबरकडे कृष्णेत मगरी खरोखर आहेत, माणसांवर हल्लेही झाले आहेत. तिथला इशारा खरा असू शकतो.

सूरह अल-हुजुरातच्या सहाव्या आयतीत बातमीची शहानिशा करण्याचा हुकूम आहे, आणि कारणही तिथेच दिले आहे: अजाणतेपणी कुणाला इजा पोहोचू नये. काम फारसे कठीण नाही. फोटो गुगल लेन्समध्ये टाकला की तो आधी कुठे आला होता ते बहुधा कळते. दुकानांच्या पाट्या कोणत्या भाषेत आहेत, गाड्यांवर एमएच-०९ आहे का, हे आमची शाळकरी मुलेसुद्धा आमच्या आधी पाहतात. आणि पाठवणाऱ्याला विचारावे, ‘भाईजान, तुम्ही स्वतः पाहिलंत का? कुठे?’ निम्मे फोटो इथेच थांबतात.

खरोखरच साप किंवा मगर दिसली, तर ग्रुपवर टाकण्याआधी वन विभागाला कळवावे. त्यांचा हेल्पलाइन क्रमांक १९२६. आम्ही तो पीठाच्या डब्यावर लिहून ठेवला आहे.