खरखर रेडिओची नव्हे, मिक्सरची

पोलादपूर आंबेनळी आणि कशेडी घाटांच्या पायथ्याशी, महाड सावित्रीच्या खोऱ्यात. एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, त्यामुळे दूरच्या केंद्राला इथे डोंगर आडवा येतो. मध्यम लहरी जमिनीला धरून येतात, पण मुंबईहून महाडपर्यंत येताना त्यांचा जोर बराच ओसरतो. अशा वेळी शेजारच्या घरात मिक्सर फिरला की बातम्या खरखरीत बुडतात आणि ‘रेडिओ जुना झाला’ असं ठरवून नवा आणला जातो. तोही तसाच खरखरतो.

खरखरीचा उगम मिक्सरच्या पोटात असतो. मिक्सर, ड्रिल, शिलाई मशीनची छोटी मोटर यांत कार्बनचे ब्रश फिरत्या कम्युटेटरवर घासतात. कम्युटेटरची प्रत्येक पट्टी ब्रशपासून सुटताना बारीक ठिणगी उडते आणि ती एकाच वेळी असंख्य कंप्रतांवर लहरी सोडते. हाइनरिश हर्ट्झने 1887 मध्ये रेडिओलहरी निर्माण केल्या त्या ठिणगीनेच. त्या अर्थाने प्रत्येक मिक्सर हे एक बिनपरवाना प्रक्षेपण केंद्र आहे! कार्बन झिजला की खरखर वाढते. नवा बसवल्याने कमी होते, पण पूर्ण थांबत नाही.

पंख्यावर मात्र उगाच आळ येतो. साध्या छताच्या पंख्यात ब्रश नसतात, त्यामुळे ठिणगीही नसते. पंखा चालू असताना रेडिओ गुणगुणला तर संशय भिंतीवरच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर घ्यावा.

स्टॅबिलायझर लावल्यानेही भागत नाही. त्याचं काम व्होल्टेज सांभाळण्याचं. खरखर हवेतून येते तशीच घरातल्या वायरिंगमधूनही येते. रेडिओ सेलवर चालवून पाहावा. खरखर बरीच घटली, तर ती बोर्डातून शिरत होती.

खरा इलाज मोटरपाशीच करावा लागतो. फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये साधारण 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, गरज पडल्यास जोडीला चोक. ‘कुठलाही कंडेन्सर चालतो’ हा समज मात्र धोक्याचा. इथे एक्स-2 वर्गाचाच हवा, कारण मेन्सचे झटके सोसण्यासाठी आणि बिघडला तरी आग लागू नये अशा बेताने तो बनवलेला असतो.

फेजपासून मोटरच्या धातूच्या अंगाला जोडायचा कपॅसिटर वेगळा, वाय वर्गाचा आणि अगदी लहान. 2.2 नॅनोफॅरडमधून 230 व्होल्टला जेमतेम 0.16 मिलिअँपिअर प्रवाह गळतो. त्या जागी 0.1 मायक्रोफॅरडचा बसवला तर तोच आकडा 7 मिलिअँपिअरवर जातो. अर्थिंग तुटलेलं असेल तर मिक्सरला हात लावताच सणसणीत झटका. त्यामुळे हे काम घरच्या स्क्रू-ड्रायव्हरने करू नये, मोटर उघडण्याची सवय असलेल्या कारागिराकडे द्यावं आणि प्लगची अर्थ पिन खरोखर जोडलेली आहे का, हे त्याच्याकडून आधी तपासून घ्यावं.