हिमोफिलिया : रक्तातील उणीव आणि समाजाची नजर

मूल रांगू लागते आणि गुडघ्यावर काळानिळा डाग उमटतो. दात येताना हिरडीतून वाहणारे रक्त थांबत नाही. हिमोफिलियाची पहिली ओळख अनेक घरांना अशी होते. पाठोपाठ कुजबुज सुरू होते : ‘बाहेरची बाधा असेल’, ‘सुनेच्या माहेरचा दोष’. रुग्णाला आजार सोसावा लागतो आणि त्याच्या आईला हे बोल.

रक्त गोठण्यासाठी लागणाऱ्या प्रथिनांपैकी आठवा किंवा नववा घटक जन्मतः कमी असणे म्हणजे हिमोफिलिया. आठव्या घटकाची उणीव सुमारे ५,००० मुलग्यांमागे एकाला आढळते. हा आजार स्पर्शाने पसरत नाही. रुग्णाचे रक्त वेगाने नव्हे, तर अधिक काळ वाहते. खरा धोका सांधे, स्नायू आणि मेंदू यांतील अंतर्गत रक्तस्रावाचा असतो.

सदोष जनुक ‘एक्स’ गुणसूत्रावर असते. वाहक मातेच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची आणि प्रत्येक मुलीने वाहक होण्याची शक्यता निम्मी असते. रुग्ण पित्याकडून मुलग्यांना आजार मिळत नाही. मुली मात्र सर्व वाहक होतात. सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात पूर्वी हा आजार नसतो. जनुकात नव्याने बदल झालेला असतो. जनुक कोणी निवडून घेत नाही. मग दोष कोणाला द्यावा?

बहिणीचे लग्न मोडेल या भीतीने आजार लपविला जातो आणि त्याची किंमत जिवाने मोजावी लागू शकते. माहिती नसलेले डॉक्टर स्नायूत इंजेक्शन देतात, वेदनेवर ॲस्पिरिन देतात किंवा दात काढतात, आणि रक्तस्राव बळावतो. वाहक स्त्रीलाही प्रसूतीच्या वेळी अतिरक्तस्राव होऊ शकतो. म्हणून माहेरचा इतिहास डॉक्टरांना आधीच सांगणे ही लाजेची नव्हे, शहाणपणाची गोष्ट आहे.

डोक्याला मार लागल्यास तपासण्यांपूर्वी फॅक्टर द्यावा लागतो. मुळशी खोऱ्यातील वाडीवरून पिरंगुट घाट ओलांडून पुणे गाठेपर्यंतचा वेळ अशा वेळी मोलाचा ठरतो. रुग्णाने निदानाचे कार्ड सदैव जवळ बाळगावे व शिक्षकांना पूर्वकल्पना द्यावी. सांध्यात रक्तस्राव झाल्यास विश्रांती, बर्फ आणि दाबपट्टी हे प्रथमोपचार करून त्वरित रुग्णालय गाठावे.

नियमित प्रतिबंधक उपचारांनी आज मुले शाळेत जातात, पोहतात, पुढे संसार करतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे. दरवर्षी १७ एप्रिल हा जागतिक हिमोफिलिया दिन म्हणून पाळला जातो.

दात्यांच्या साहाय्यातून औषध मिळते. परंतु मुलाला वर्गात शेजारी बसवून घेणे, त्याच्या बहिणीचे स्थळ न नाकारणे, त्याच्या आईला दोष न देणे यासाठी पैसा लागत नाही. रक्तातील उणीव औषधाने भरून काढता येते. नजरेतील उणीव आपणा सर्वांनाच भरून काढावी लागेल.