जामीन झाला, पण जामीनदार?

परवा भांडी घासता घासता मावशी म्हणाल्या, "ताई, पोराला जामीन झाला बरं का!" मोबाइल चोरीच्या आरोपावरून त्यांचा मुलगा चार महिने तुरुंगात. मी म्हटलं, "मग घरी आला की नाही?"

"कुठलं काय! आठवडा झाला. पंधरा हजाराचा जामीनदार पायजे. वकील म्हणत्यात, सातबारा नायतर पगाराची चिठ्ठी आणा."

मावशींची झोपडी गायरानात. सातबारा कुठून आणणार?

खरं सांगू? तुरुंगात असतात ते गुन्हेगारच, असं मला वाटायचं. अमेरिकेत लाखामागे पाचशेहून जास्त माणसं कैदेत आहेत, आपल्याकडे पन्नासही नाहीत, हे वाचून तर बरंच वाटलं होतं. पण २०२२ अखेरची सरकारी आकडेवारी पाहा. देशात ५ लाख ७३ हजार कैदी, त्यांतले ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी. म्हणजे चारातल्या तिघांचा खटला अजून संपलेलाच नाही! काहींचे गुन्हे गंभीर असतील, मान्य. पण जामीन होऊनही आत राहणाऱ्यांचं काय?

ऐपत नसलेल्याला जातमुचलक्यावरही सोडता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्येच हुसैनारा खातून खटल्यात सांगितलंय. २०२३च्या जानेवारीत न्यायालयाने आणखी बजावलं. जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर अट सैल करायची का, हे न्यायालय स्वतःहून पाहू शकतं. या प्राधिकरणाकडून कैदेतल्या माणसाला मोफत वकीलही मिळतो. आणि हो, कुठल्याही बाईला मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो.

हे सगळं मावशींना समजावलं. त्या दारातच घुटमळल्या. "सायबांची पगाराची चिठ्ठी..." पुढे बोलल्याच नाहीत.

रात्री ह्यांच्यापाशी विषय काढला. "आणि तारखेला आलाच नाही तर? पंधरा हजार आपण भरायचे?" ह्यांना काय बोल लावू? माझ्याही मनात तेच आलं होतं. पण हा पोरगा आमच्याच अंगणात चिंचोके खेळत मोठा झालाय हो!

दुसऱ्या दिवशी मावशींनी काहीच विचारलं नाही. मुकाट्याने भांडी घासली. सोमवारी त्यांच्याबरोबर प्राधिकरणाच्या कचेरीत जायचं मी कबूल केलंय. चिठ्ठीचं मात्र घरात अजून ठरत नाहीये.