हानले येथील काळोख

लडाखांत हानले नांवाचें गांव चार हजार मीटरांहून अधिक उंचीवर आहे. तेथील वेधशाळेभोंवतालचा १,०७३ चौरस किलोमीटर प्रदेश डिसेंबर २०२२ मध्यें काळोखासाठीं राखीव म्हणून जाहीर झाला. आणि २०२३ पासून आकाशाचीं छायाचित्रें घेणारे हौशी लोक तेथें मेळाव्यास जमूं लागले.

छायाचित्रास तर प्रकाश लागतो. मग हे लोक काळोख शोधीत इतक्या दूर कां जातात, असें आमचे बालमित्र विचारतील. ताऱ्यांचा प्रकाश अत्यंत क्षीण असतो. तो सांठविण्यास कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो. परंतु पृथ्वीच्या फिरण्यामुळें आकाश दर चार मिनिटांस एक अंश सरकलेलें दिसतें, व तारा बिंदूऐवजीं रेघ होऊन उमटतो. म्हणून कॅमेरा ज्या बैठकीवर बसवितात, तिचा आंस ध्रुवाकडे रोंखलेला असून ती पृथ्वीच्या उलट दिशेनें त्याच गतीनें फिरते. एवढी खटपट चालली असतां कोणीं पांढरा दिवा लावला कीं, आसपासच्या साऱ्यांचीं चित्रें बिघडलींच! यास्तव अशा ठिकाणीं मंद तांबडा दिवाच वापरतात; त्यानें काळोखास सरावलेले डोळे दिपत नाहींत.

थंडीनें बॅटऱ्या लवकर मंदावतात, विरळ हवेनें दम लागतो. पण हे कष्ट पाहुण्यांचे, व तेही चार रात्रींचे. गांवकऱ्यांचें करणें आम्हांस अधिक मोठें वाटतें. खिडक्यांस जाड पडदे लावून व दिव्यांवर आडोसे घालून ते आपला उजेड घरांतच ठेवतात. त्यांच्यांतील कित्येक जण, स्त्रियासुद्धां, दुर्बीण चालविण्यास शिकले असून आल्यागेल्यास ग्रहतारे दाखवितात.