आधी कान, मग जीभ

उरणच्या आगरी घरात रांगणारं मूल ‘पानी’ ऐकतं, ‘डोला’ ऐकतं, ‘घोरा’ ऐकतं. पाच-सहा वर्षांनी शाळेत गेल्यावर पुस्तकात पाणी, डोळा, घोडा असं छापलेलं दिसतं आणि वहीवर लाल शाई फिरते. मूल मात्र चुकलेलं नसतं. आगरीत ‘ण’च्या जागी ‘न’, ‘ळ’च्या जागी ‘ल’ आणि शब्दाच्या पोटातल्या ‘ड’च्या जागी ‘र’ येतो, तोही ठरल्या नियमाने. ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला. कोकण किनाऱ्यावरच्या बोलींची ही लक्षणं त्यातही नोंदलेली आहेत.

हे नियम मुलाला कोणी शिकवत नाही. ते वर्षाचं व्हायच्या आतच कानात बसू लागतात.

कॅनडात जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. आवाज बदलला की बाजूला खेळणं हलायचं. फरक कळणारं बाळ आधीच मान वळवायचं. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला, दहा ते बारा महिन्यांच्यांपैकी फारच थोड्यांना. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगातून दिसलं, की घरात जे आवाज वेगळे मानले जात नाहीत, त्यांच्यातला फरक टिपणं बाळाचा कान हळूहळू सोडून देतो. ‘डोला’ म्हणणारं मूल आळशी नसतं की अडाणी नसतं. त्याने घरचं ऐकलेलं असतं, एवढंच.

व्याकरणात तर मुलं स्वतःच नियम काढतात. ‘बसलं’, ‘हसलं’ ऐकून ‘मी करलं’ म्हणणारं मूल कुठल्याही मराठी घरात सापडेल. ‘करलं’ मोठ्यांपैकी कोणी म्हणत नाही, म्हणजे ही नक्कल नव्हे.

आता मोठ्यांचं पाहू. न्हावा-शेव्याचं बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं आणि कंटेनरच्या ट्रेलरांबरोबर उत्तरेकडची माणसंही आली. तिशीतला ड्रायव्हर कामापुरती मराठी लवकर उचलतो. यात नवल नाही. हॉलंडमध्ये राहायला गेलेल्या इंग्रजी भाषकांचा १९७८ सालचा अभ्यास आहे: डच शिकताना सुरुवातीला किशोर आणि मोठी माणसं लहानग्यांच्या पुढे होती. लहान मुलं मागाहून गाठतात.

मोठ्यांचं घोडं पुढे अडतं. हिंदीत लिंगं दोन, मराठीत तीन. त्यामुळे ‘माझा घर’ वर्षानुवर्षं सुटत नाही. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ही एकमेकांत मिसळतात. इंग्रजीच्या व्याकरणावर सुमारे पावणेसात लाख लोकांची ऑनलाइन चाचणी घेणारा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. व्याकरण आत्मसात करण्याची क्षमता साधारण सतराव्या वर्षापर्यंत टिकते आणि मग उतरते, असं त्याचं अनुमान. त्यावर वाद आहेत. वयाबरोबर शाळा, नोकरी, सोबतसंगतही बदलते.

गंमत ‘ळ’ची आहे. उत्तरेकडचा ड्रायव्हर ‘काला’ म्हणतो तेव्हा तो हिंदी बोलत असतो, पण आगरी शेजाऱ्याच्या तोंडीही तोच उच्चार असतो. त्याचा मुलगा घरी हिंदी किंवा भोजपुरी, गल्लीत आगरी आणि शाळेत पुस्तकी मराठी ऐकत वाढतो. एखाद्या बाईंनी ‘डोला’ खोडण्याऐवजी शेजारी ‘डोळा’ लिहिला आणि दोन्ही मोठ्याने म्हणून दाखवले, तर त्याला आणि बाकावरच्या आगरी मुलीला एकच धडा मिळतो.