आठ फुटांवरचं नेट

धानाची कापणी आटोपली, मळणी संपली, की गडचिरोली जिल्ह्याच्या मुलचेरा तालुक्यातल्या गावांतली पोरं एका कामाला लागतात. शाळेमागची नाहीतर ग्रामपंचायतीजवळची जागा झाडून काढायची, धसकटं उपटायची, पाणी मारून माती दाबायची. मग फक्की. लांबी अठरा मीटर, रुंदी नऊ. दोन बाजूंना दोन बल्ल्या पुरायच्या आणि मध्ये नेट ताणायचं. मोजपट्टी हाताशी नसली तरी अडत नाही. गावातला सगळ्यात उंच पोरगा हात वर करून उभा राहतो आणि त्याच्या बोटांच्या वर वीतभर जागा सोडून दोरी बांधली जाते. व्हॉलीबॉलमध्ये पुरुषांच्या नेटची अधिकृत उंची २.४३ मीटर, म्हणजे आठ फुटांना थोडी कमी. वीतभराचा हिशेब त्याच्या बराच जवळ जातो.

खेळ सुरू झाला की कानांवर निदान तीन-चार भाषा पडतात. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित कुटुंबांच्या वसाहती या तालुक्यात आहेत, त्यामुळे बंगाली. माडिया-गोंडांची गावं आहेत, त्यामुळे गोंडी. तेलंगणाची सीमा लांब नाही, त्यामुळे तेलुगू. शाळेची आणि बाजाराची मराठी तर आहेच. ‘आऊट’ मात्र सगळ्यांचा एकच, आणि त्यावरून होणारं भांडणही एकच.

याच खेळाची सगळ्यात मोठी जत्रा म्हणजे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा. तिचा इतिहास पाहिला तर सुरुवात फार झगमगाटाची नव्हती.

मुळात खेळाचा जन्मच सोयीसाठी झाला. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या होलिओक गावी वायएमसीएचे शारीरिक शिक्षण संचालक विल्यम मॉर्गन यांना मध्यमवयीन नोकरदारांसाठी बास्केटबॉलपेक्षा कमी धसमुसळा खेळ हवा होता. त्यांनी टेनिसचं नेट साडेसहा फुटांवर चढवलं आणि खेळाला ‘मिंटोनेट’ असं नाव दिलं. पुढच्याच वर्षी त्याचं व्हॉलीबॉल झालं. वायएमसीएच्याच वाटेने तो जगभर पसरला आणि भारतातही आला. चेंडू साधारण पावशेराचा, आजच्या नियमात २६० ते २८० ग्रॅम. हातात धरून ठेवायचा नाही आणि तीन स्पर्शांत पलीकडे धाडायचा. अंगाला अंग लागत नाही, म्हणून बूट नसले तरी चालतं.

आंतरराष्ट्रीय महासंघ मात्र उशिरा जन्मला. एप्रिल १९४७ मध्ये चौदा देश पॅरिसला जमले आणि फ्रान्सचे पॉल लिबो अध्यक्ष झाले. ते १९८४ पर्यंत त्या खुर्चीत होते. महायुद्धाने युरोपची दैना केली होती, मोठ्या क्रीडागृहांना पैसा नव्हता. नेट आणि चेंडूवर भागणारा खेळ त्या काळाला मानवला. १९४९ च्या सप्टेंबरात प्रागमध्ये पुरुषांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. दहा संघ होते. सोव्हिएत संघ पहिला, यजमान चेकोस्लोव्हाकिया दुसरा.

दुसरी स्पर्धा १९५२ मध्ये मॉस्कोला झाली, आणि भारतीय वाचकाने इथे थोडं थांबायला हवं. सामने डायनॅमो स्टेडियममध्ये, उघड्या आभाळाखाली खेळले गेले. महिलांची स्पर्धा प्रथमच भरली. भारताचा राष्ट्रीय महासंघ १९५१ मध्ये स्थापन झालेला, म्हणजे जेमतेम वर्षाचा. तरी भारताने पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ पाठवले. पुरुष अकरा संघांत आठवे आले, महिला आठ संघांत आठव्या. पुरुषांचा तो आठवा क्रमांक भारताने आजवर ओलांडलेला नाही.

आशियात मात्र भारताचा दरारा होता. १९५८ च्या टोकियो आशियाई खेळांत कांस्य, १९६२ ला जाकार्तात रौप्य. १९८६ मध्ये सेऊलला पुन्हा कांस्य मिळालं, तेही जपानला हरवून. त्या संघात केरळचा जिमी जॉर्ज होता. इटलीतल्या क्लबांनी त्याला बोलावून नेलं होतं आणि तिथेच नोव्हेंबर १९८७ मध्ये मोटार अपघातात तो गेला.

मग गाडी अडली कुठे? खेळच बदलत गेला, आणि प्रत्येक बदलासोबत तो मातीपासून थोडा दूर सरकला.

एक मोठा धक्का सूतगिरणीतून आला. ओसाकाजवळच्या काइझुका इथल्या निचिबो गिरणीच्या संघात कामगार मुली होत्या. दिवसा गिरणीत काम आणि मग रात्री उशिरापर्यंत सराव. प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सु यांनी त्यांना एक युक्ती घोटून घोटून शिकवली. पडणाऱ्या चेंडूवर झेप घ्यायची, हाताने तो वर उडवायचा आणि त्याच झोकात खांद्यावरून लोळून पुन्हा पायांवर उभं राहायचं. उठायला वेळ गेला नाही म्हणजे पुढच्या चेंडूला एक माणूस जास्त मिळाला. या संघाच्या बळावर जपानने १९६२ मध्ये मॉस्कोत जाऊन सोव्हिएत महिलांकडून जागतिक अजिंक्यपद काढून घेतलं. दोन वर्षांनी व्हॉलीबॉल पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आला, टोकियोत, आणि सुवर्णही त्यांनीच नेलं. खडबडीत मातीवर मात्र ही लोळण अंगाशी येते. कोपर आणि गुडघे आधी सोलले जातात.

स्पर्धेला राजकारणाचेही तडाखे बसले. टोकियोच्या १९६७ च्या महिला स्पर्धेत झेंडे आणि राष्ट्रगीतांवरून वाद झाला, पूर्व युरोपीय देशांनी पाठ फिरवली आणि जगज्जेतेपदासाठी चारच संघ उरले. २०२२ ची पुरुषांची स्पर्धा रशियात व्हायची होती. युक्रेनवरील हल्ल्यानंतर ती पोलंड आणि स्लोव्हेनियात हलवली गेली.

विजेत्यांची यादी वाचली की सत्ता कशी फिरली ते दिसतं. पुरुषांत सोव्हिएत संघाची सहा विजेतेपदं, मग १९९० पासून इटलीची सलग तीन, मग २००२ पासून ब्राझीलची सलग तीन, नंतर २०१४ आणि २०१८ मध्ये पोलंड. नियमही पालटले. पूर्वी सर्व्हिस आपल्याकडे असेल तरच गुण मिळायचा आणि गेम पंधराचा असायचा, त्यामुळे एकेका गेमला वेळेचं बंधन उरत नसे. १९९८ मध्ये प्रत्येक रॅलीला गुण आणि पंचवीसचा गेम ठरला. टीव्हीला सामना बेतशीर वेळेत बसवता यावा, हे त्यामागचं मोठं कारण. त्याच सुमारास वेगळ्या रंगाची जर्सी घालून फक्त बचाव करणारा लिबेरो आला. बुटक्या खेळाडूला संघात हक्काची जागा मिळाली ती त्याच्यामुळे. २०१४ मध्ये वॉर्साच्या राष्ट्रीय स्टेडियमचं छप्पर बंद करून पोलंड-सर्बिया सामन्याने स्पर्धा उघडली, तेव्हा साठ हजारांहून जास्त लोक आत बसले होते.

भारताच्या पोरांत ताकद नव्हती असं मात्र म्हणता येत नाही. २००३ मध्ये थायलंडला एकोणीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेत भारत अंतिम फेरीत पोचला आणि ब्राझीलकडून हरून रौप्य घेऊन आला. एकवीस वर्षांखालील जागतिक स्पर्धा २००९ मध्ये महाराष्ट्रात आली. जुलैअखेर ते ऑगस्ट असे दहा दिवस पुण्याच्या बालेवाडी क्रीडा संकुलात जगभरचे तरुण संघ खेळले आणि ब्राझील जिंकला. ज्युनिअर गटात जमलेलं वरिष्ठ गटात टिकलं नाही. महासंघातल्या भांडणांनीही नुकसान केलं. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने भारतीय महासंघाला निलंबितच केलं. २०२२ मध्ये प्राइम व्हॉलीबॉल लीग सुरू झाली आणि खेळाडूंना निदान पैसा आणि प्रेक्षक दिसू लागले.

बालेवाडी हे राज्याचं एक टोक, मुलचेरा दुसरं. मधली एक वाट शालेय स्पर्धांची आहे, तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य. गडचिरोलीत दुसरीही एक वाट आहे, आणि ती पोलीस ठाण्यातून जाते. जिल्हा पोलीस दल ‘पोलीस दादालोरा खिडकी’ या उपक्रमातून वीर बाबुराव शेडमाके यांच्या नावाने व्हॉलीबॉल स्पर्धा भरवतं. बाबुराव हे या भागातले गोंड वीर. इंग्रजांविरुद्ध उठाव केला म्हणून २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याला फाशी देण्यात आलं. त्यांच्या नावाच्या स्पर्धेत गावोगावचे संघ आधी आपल्या ठाण्याच्या किंवा पोलीस मदत केंद्राच्या आवारात खेळतात आणि जिंकणारे पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी जातात. नक्षलवादाची सावली वर्षानुवर्षं अंगावर असलेल्या जिल्ह्यात ठाण्याच्या फाटकातून पोरांनी खेळाचे कपडे घालून आत जावं, याचा अर्थ इथल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

२०२५ मध्ये जागतिक स्पर्धेने आपला दरवाजा रुंद केला. चोवीसऐवजी बत्तीस संघ झाले, आणि आता ती चार वर्षांऐवजी दर दोन वर्षांनी भरणार आहे. पुरुषांची स्पर्धा फिलिपिन्समध्ये झाली, मनिलात इटलीने बल्गेरियाला हरवलं. बँकॉकला महिलांमध्येही इटलीच जिंकली, तुर्कीविरुद्ध पाच गेमनंतर. बत्तीसमध्ये भारत नव्हता.

मुलचेऱ्यात दिवस मावळायला लागला की नेटची जाळी दिसेनाशी होते, वरची पांढरी पट्टी तेवढी उरते. तरी कोणी घरी जात नाही. दोन मोटारसायकली साइडलाइनला उभ्या राहतात, दिवे कोर्टावर सोडले जातात, चोवीस-तेवीसवर अडलेला गेम पुढे सुरू होतो. लिफ्टर चेंडू वर ठेवतो. तो उजेडाच्या वर, अंधारात जातो, आणि खाली येईपर्यंत स्मॅशरला नुसत्या अंदाजाने उडी घ्यावी लागते.