थंड हवेची वाट

मोटारीच्या इंजिनात जळते ते इंधन, परंतु किती इंधन जळू शकेल याची मर्यादा पेट्रोल इंजिनात मुख्यतः हवा ठरवते. एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते आणि सिलिंडरचे आकारमान तर ठरलेले असते. म्हणून तेवढ्याच जागेत अधिक वजनाची हवा भरायची, तर ती थंड असावी लागते. वायूची घनता त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या, म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअसपासून मोजलेल्या तापमानाच्या, व्यस्त प्रमाणात बदलते. बाहेरची हवा ३० अंशांवर असताना बॉनेटखालची ६५ अंशांची हवा ओढली, तर प्रत्येक घोटामागे सुमारे एकदशांश प्राणवायू कमी पडतो. ही तूट टाळण्यासाठी बॉनेटबाहेरून हवा आणणारी नळी म्हणजे ‘कोल्ड एअर इनटेक’ होय.

यात पहिला निर्णय सामग्रीचा नसून नळीच्या तोंडाचा असतो. तोंड पुढच्या जाळीशी किंवा फेंडरच्या पोकळीत नसेल आणि फिल्टर इंजिनाशेजारी उघडा बसवला असेल, तर नळी कितीही महाग असली तरी ती गरम हवाच ओढते. उलट, थंड हवेच्या मोहात तोंड बंपरच्या तळाशी नेले, तर पावसाळ्यात मुंबईसारख्या शहरातल्या तुंबलेल्या रस्त्यावर त्यातून पाणी आत शिरते. हवेसारखे ते दाबले जात नसल्याने पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावे लागते. अनेक गाड्यांत कारखान्यातली मूळ नळी पुढच्या भागातून पुरेशा उंचीवरून हवा घेतच असते, त्यामुळे ती बदलून होणारा लाभ बहुधा थोडाच असतो.

सामग्रीविषयीचा नेहमीचा युक्तिवाद उष्णतावाहकतेचा, म्हणजे पदार्थातून उष्णता किती सहज वाहते याचा असतो. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंची वाहकता साधारण दीडशे ते दोनशे वॅट प्रति मीटर-केल्विन, स्टेनलेस स्टीलची सुमारे १५, तर नळ्यांच्या प्लास्टिकची जेमतेम ०.२ असते. या आकड्यांवरून ॲल्युमिनियमची नळी हवेला प्लास्टिकच्या हजारपट तापवील असे वाटते, पण तसे घडत नाही, कारण उष्णतेला भिंत ओलांडण्याआधी आणि ओलांडल्यानंतर नळीच्या दोन्ही अंगांना चिकटून असलेल्या हवेच्या पातळ थरांतून जावे लागते आणि दोन-तीन मिलिमीटर प्लास्टिकपेक्षा या थरांचा एकत्रित अडथळा बहुधा मोठा असतो. त्यातच हवेला तापायला वेळही मिळत नाही. दीड लिटरचे इंजिन पूर्ण थ्रॉटलवर मिनिटाला ४००० फेरे घेत असताना सेकंदाला ५० लिटरच्या आसपास हवा ओढते. ६५ मिलिमीटर व्यासाच्या आणि ६० सेंटिमीटर लांबीच्या नळीत मावते दोन लिटर, म्हणजे हवा तिच्यातून सेकंदाच्या पंचविसाव्या भागात निघून जाते आणि तेवढ्यात ती साधारण एखादा अंश तापते. धातू आणि प्लास्टिक यांतला फरक जाणवतो तो सिग्नलवर किंवा कोंडीत, जेव्हा हवा रेंगाळते आणि बॉनेटखाली उष्णता साचते; तेथे प्लास्टिकची बाजू वरचढ ठरते, हे निःसंशय.

म्हणून कारखाने वापरतात ते पॉलिप्रॉपिलीन किंवा काचतंतू मिसळलेले नायलॉन ही निव्वळ काटकसर समजणे अन्यायाचे आहे. पॉलिप्रॉपिलीन हलके असते आणि कंपन सोसते, पण ते १६५ अंशांच्या आसपास वितळते व त्याच्या बरेच आधी मऊ पडते. म्हणून इंजिनाला थेट जोडलेल्या मॅनिफोल्डसाठी २२० अंशांपर्यंत न वितळणारे नायलॉन निवडतात. कार्बन फायबर ताठ आणि हलका असतो, मात्र त्याची उष्णता सोसण्याची ताकद धाग्यांवर नव्हे, तर त्यांना बांधणाऱ्या रेझिनवर ठरते. साध्या लोखंडाची नळी कोकणच्या खाऱ्या हवेत तर टाळावीच, कारण फिल्टरच्या पुढे सुटलेला गंजाचा पापुद्रा सरळ सिलिंडरमध्ये जातो. ॲल्युमिनियमची खरी जागा टर्बोचार्जरच्या पुढे आहे: तेथे दाबामुळे हवा शंभर अंशांच्या वर तापलेली असते, दाबही सोसावा लागतो आणि इंटरकूलरपर्यंतच्या वाटेत नळीने थोडी उष्णता बाहेर टाकली तर ते हिताचेच असते.

सर्वांत कमी लक्ष जाते ते सांध्यांकडे. नळी आणि थ्रॉटल यांच्यामधला रबरी तुकडा इंजिनाचे हेलकावे पचवतो. ईपीडीएम रबर उष्णता आणि ओझोन उत्तम सोसते, पण तेलाने फुगते, आणि क्रँककेसमधली तेलकट वाफ इनटेकमध्येच सोडलेली असल्याने हा दोष महत्त्वाचा ठरतो. सिलिकॉन त्याहून अधिक तापमान सोसते, तरी तेल आणि पेट्रोलच्या वाफेपुढे तेही कमजोर पडते, म्हणून चांगल्या होजला आतून फ्लुओरोसिलिकॉनचे अस्तर देतात. सैल क्लॅम्पमुळे किंवा फुगलेल्या रबरामुळे येथे फट पडली, की धूळ फिल्टरला वळसा घालून आत जाते आणि हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या पुढे शिरलेल्या हवेचा हिशेब इंजिनाच्या संगणकाला लागत नाही.